बटरमधला कोबी, फोडणी नाही हळद नाही

बडोद्यात आपल्या मराठी घरांत कोबीचं नशीब ठरलेलं, एक तर चणाडाळ घालून भाजी नाहीतर मग गांठियासोबत संभारो (बारीक चिरून जरासा परतलेला गुजराती कोबी), त्यामुळे नुसत्या बटरमधला कोबी म्हटलं की आई अजूनही विचारते "म्हणजे आजाऱ्याचं जेवण का?" पण करून वाढला की सगळ्यात आधी तीच परत घेते.

कोबी घेताना गड्डा हातात उचलून बघायचा, आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, हलका फुलका असेल तर आत पोकळ निघतो. थंडीतला कोबी गोड असतो, उन्हाळ्यातला जरा उग्रच. खंडेराव मार्केटला गेलात तर अर्धा किलोचा लहान गड्डा निवडून घ्या, तीन माणसांना साइडला पुरतो.

चार फाका करून मधला दांडा तिरका कापून काढा (फेकू नका, सोलून मीठ लावून खा, आमच्याकडे त्याच्यावरून भांडणं होतात) आणि बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कापा. संभारोसारखा बारीक चिरायचा नाही हं, लगदा होतो. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा म्हणजे अळ्या असतील तर वर येतील, मग धुवून निथळून घ्या.

आता मुख्य गोष्ट पाण्याची. कोबीत स्वतःचंच नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यामुळे त्याला उकडायची गरजच नाही. मी पहिल्यांदा कुकरला लावून दोन शिट्ट्या काढल्या होत्या, तर समोरच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या गॅस लीक झालाय का!! कोबीत गंधक असतं आणि जितका जास्त वेळ शिजवाल तितका तो वास सुटतो, म्हणून झटपट शिजवायचा, एवढंच.

रुंद जाड कढईत पाव वाटी पाणी आणि एक चमचा बटर, उकळी आली की कोबी टाका, झाकण ठेवून मध्यम आचेवर चार मिनिटं, मधे एकदा वरखाली करा. मग झाकण काढून गॅस मोठा करा आणि पाणी आटेपर्यंत परता, दोनेक मिनिटं लागतात. पान थोडं पारदर्शक दिसायला हवं पण शीर दाताखाली कचकन लागली पाहिजे. तळाला चरचर आवाज यायला लागला की गॅस बंद, आणि उरलेलं बटर आत्ता टाकायचं. सगळं मिळून 30 ग्रॅम धरा, म्हणजे 100 ग्रॅमच्या पाकिटाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. सगळं बटर सुरुवातीलाच कोरड्या गरम कढईत टाकलं तर त्यातला दुधाचा अंश करपतो आणि कडवट लागतं, शेवटी टाकलं की ते वितळून पानांना छान चिकटतं.

मीठ आधी अजिबात नको. आणंद एवढं जवळ असल्यामुळे आमच्याकडे अमूलच येतं आणि ते पिवळं बटर खारं असतं, त्यामुळे बटर घातल्यावर चव बघून मगच चिमूटभर. घरचं पांढरं लोणी असेल तर मात्र मीठ घालावं लागेल. मिरपूड ताजी कुटलेली, जरा सढळ हाताने, आणि असेल तर जायफळ किसून, अगदी किंचित. लिंबू ताटात पिळा, कढईत पिळलं तर हिरवा रंग मळकट होतो. तूप चालेल का असं विचारतात लोक, चालतं की, पण मग ती वेगळीच भाजी होते, बटरचा तो खारट दुधाळपणा येत नाही.

गरम गरमच खा, बटर थिजलं की मजा नाही. आम्ही वरणभातासोबत घेतो, मुलं ऑम्लेटसोबत. उरलाच तर सकाळी ब्रेडमध्ये चीजची स्लाइस टाकून टोस्ट करा, फक्त भरायच्या आधी कोबी हाताने दाबून पाणी काढा नाहीतर ब्रेड चिखल होतो.