फुटलेली खिडकी, मोडलेलं दार तातडीने झाकताना या चुका टाळा

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याला बाजूने चाटून गेलं. ते इथे जमिनीवर आलंच नाही, गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. तरीही इथली झाडं उन्मळली, कौलं उडाली आणि बऱ्याच गावांत काही दिवस वीज नव्हती. चक्रीवादळच यायला हवं असंही नाही. मिरगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात माडाचं एखादं चुडत सुटून खिडकीवर आलं, की तावदानाचा चुरा होतो आणि पाऊस थेट घरात शिरतो. मग घरात सापडेल ते पुढे येतं: जुना प्लाय, कपाटाची फळी, ताडपत्री, मूठभर खिळे. कसंबसं झाकलं जातं, आणि पहाटेच्या झोतात ते सगळं अंगणात पडलेलं दिसतं.

माझं सांगणं एकच आहे. प्लाय किती जाड आहे यापेक्षा तो कशाला धरला आहे, हे आधी पाहा. बहुतेक चुका इथेच होतात, कारण आपण भोक झाकायचा विचार करतो. भोकावर वारा किती जोराने रेलणार आहे, हे डोक्यात येत नाही.

थोडा हिशेब करू. भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात ४ फूट बाय ४ फूट खिडकीवर साधारण ४५ किलोंचा भार येतो. ताशी १४० ला तोच भार १४० किलोंच्या आसपास जातो. वेग पावणेदोन पट झाला, भार तिप्पट. शिवाय हा भार नेहमी आत ढकलणारा नसतो. घराच्या ज्या बाजूला वारा लागत नाही तिथे तो बाहेर ओढतो, आणि झोत बदलला की दिशाही बदलते. आत-बाहेर, आत-बाहेर अशा हिसक्यांनी साधा गुळगुळीत खिळा हळूहळू निसटत जातो. म्हणून खिळे फक्त प्लाय जागेवर टेकवून ठेवण्यापुरते वापरा. खरी पकड स्क्रूची किंवा बोल्टची हवी.

चिऱ्याच्या भिंतीला ड्रिल मारण्याची घाई

गोव्यातली बरीच घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा दिसायला भक्कम असला तरी आतून सच्छिद्र आणि जागोजागी मऊ असतो. हॅमर मोडवर ड्रिल चालवलं की भोक ऐसपैस होतं, प्लास्टिकची गिट्टी आत गोल फिरत राहते आणि स्क्रू कितीही पिळला तरी घट्ट होत नाही. ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि त्यावर लोक करतात ती दुसरी चूक म्हणजे त्याच भोकात काडी ठोकून स्क्रू बसवणं. हाताने ओढून पाहिलं तर घट्ट वाटतं, पण पावसात काडी फुगते, सुकली की आकसते आणि पकड जाते.

चिऱ्यात भोक पाडायचंच असेल तर हॅमर बंद ठेवा आणि गिट्टीच्या मापापेक्षा एक नंबर बारीक बिट घ्या. गिट्टी लांब असू द्या, आणि खिडकीच्या कडेपासून निदान चार इंच आत सरका. अगदी कडेला भोक पाडलं तर चिऱ्याचा कोपराच सुटून हातात येतो. खिडकीवर काँक्रीटचा लिंटल (आडवी तुळई) असेल तर वरची पकड तिथे घ्या. तिथे हॅमर चालेल, अँकर फास्टनरही बसेल.

पण माझ्या मते संकटाच्या वेळी भिंतीला भोकं पाडूच नयेत. त्यापेक्षा चांगला उपाय आहे. बाहेरून प्लाय लावा. आतून खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच लांब अशी दोन जाड लाकडं आडवी टेकवा, एक वरच्या तिसऱ्या हिश्श्यात आणि एक खालच्या. दोन्हींमधून आरपार आटे पाडलेला रॉड घाला आणि रुंद वॉशर लावून नट आवळा. प्लाय आणि लाकूड मिळून भिंतीला चिमट्यात धरतात. भिंतीत एकही भोक लागत नाही, आणि वारा आत ढकलो की बाहेर ओढो, भार भिंतीवरच जातो. आटेवाला रॉड हार्डवेअरच्या दुकानात एक मीटरच्या लांबीत मिळतो. दहा किंवा बारा मिलिमीटर जाडीचा घ्या. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, म्हणून रॉड कापण्याआधी भिंतीची जाडी मोजा. घाईत आखूड कापलेला रॉड कशालाच उपयोगी पडत नाही.

स्लायडिंगची खिडकी असेल तर उरलेला पल्ला एका बाजूला सरकवून मोकळ्या भागातून रॉड घाला. अॅल्युमिनियमच्या चौकटीत मात्र स्क्रू मारू नका. ती आतून पोकळ असते, स्क्रू धरत नाही, शिवाय पाणी वाहून नेणारी तिची खाच फुटते आणि नवी काच बसवल्यावरही तिथून गळती सुरू राहते.

लोखंडी ग्रील असेल तर काम सोपं होतं. कौलांऐवजी पत्रे घालताना इंग्रजी J आकाराचे जे हुक वापरतात, तेच ग्रीलच्या गजाला अडकवून प्लायमधून बाहेर काढा आणि डांबरी वॉशरसह आवळा. फक्त आधी ग्रील हाताने हलवून पाहा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत भिंतीत गाडलेली गजांची टोकं गंजून गेलेली असतात, आणि वरच्या रंगामुळे ते दिसत नाही. सडलेल्या ग्रीलला प्लाय अडकवला तर वारा दोन्ही एकदम उखडून नेईल.

काच काढण्याआधीच झाकणं

तडकलेली पण न पडलेली काच तशीच ठेवून वर प्लाय मारणं घातक आहे. ठोकताना बसणाऱ्या हादऱ्याने ती खाली येते, आणि नेमकी काम करणाऱ्याच्या मनगटावर. साधी काच लांब, धारदार फाळांसारखी फुटते. टफन्ड काचेचे बारीक दाणे होतात, पण तेही डोळ्यांत उडतात. पायात बूट हवेत, चप्पल नव्हे. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. काचेवर आडवी-उभी चिकटपट्टी लावा, मग तुकडे वरून खाली काढा. खालचे आधी काढले तर वरचे निराधार होतात.

चिकटपट्टीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. वादळाआधी काचेवर पट्टीची फुली मारली की काच फुटत नाही, असं लोक मनापासून मानतात. ती फुटतेच. पट्टीमुळे फक्त तुकडे मोठे राहतात, आणि मोठा तुकडा जास्त खोल कापतो. आधीच तडकलेली काच उतरवताना तुकडे धरून ठेवण्यापुरता पट्टीचा उपयोग आहे.

जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतील तर त्यांच्याशी फार जपून वागा. मोडलेल्या झडपेतले शाबूत शिंपले आणि लाकडी पट्ट्या कचऱ्यात जाऊ देऊ नका, एकेक वेचून कोरड्या खोक्यात ठेवा. या शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, बाजारातून नवे आणून बसवता येत नाहीत. आणि त्या लाकडी चौकटीत स्क्रू तर मुळीच नको. तिथे चिमट्याची पद्धतच वापरावी.

प्लाय आणि पाणी

साध्या कमर्शियल प्लायचे थर गोव्याच्या पावसात थोड्याच दिवसांत सुटायला लागतात. पार्टिकल बोर्ड तर भिजून फुगतो आणि त्याचा भुगा होतो. मरीन प्लाय (आयएस ७१०) महाग असला तरी पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतो. लहान खिडकीला बारा मिलिमीटर पुरतो, चार फुटांच्या पुढे अठरा घ्या. कापलेल्या कडांना ऑइल पेंटचा हात द्या, कारण पाणी पृष्ठभागापेक्षा कडेतून जास्त शिरतं. प्लाय भोकाच्या मापाचा कापू नका, चारी बाजूंना चार इंच भिंतीवर चढू द्या.

एवढं करूनही आत पाणी आलं, तर ते बहुधा वरच्या कडेतून येत असतं. भिंतीवरून ओघळणारं पाणी प्लायच्या मागे उतरतं. लोक तिथे सिलिकॉन भरतात. ओल्या, शेवाळलेल्या भिंतीवर सिलिकॉन चिकटत नाही, दुसऱ्या दिवशी त्याची पट्टी सोलून हातात येते. त्याऐवजी प्लायच्या मागे जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री घ्या. तिची वरची कड प्लायच्या वर हातभर भिंतीवर चढवा आणि रीप मारून दाबा. खालची कड मात्र बंद करू नका, शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट लागते.

नुसती ताडपत्री लावायची असेल तर तिच्या भोकांत दोरी ओवून बांधणं पुरत नाही. फडफडून भोकं तासाभरात फाटतात. कड रिपेभोवती दोन वेढे गुंडाळा आणि रीपच भिंतीला किंवा चौकटीला ठोका. पूर्वी चुडतांची झापं बांधून मातीच्या भिंती पावसापासून राखत. झापं वारा थोडा आरपार जाऊ देत, म्हणून टिकत. ताडपत्री वारा अडवते, तेव्हा तिला कडा पक्क्या हव्यातच.

प्लाय वाऱ्यात थडथड वाजत असेल तर त्याच रात्री उठून पाहा. वाजतो म्हणजे हलतो, आणि हलतो म्हणजे नट सैल होतोय. मधल्या भागात आतून आणखी एक लाकूड द्या, नट पुन्हा आवळा. मात्र वारा जोरात असताना बाहेर शिडी लावून प्लाय उचलू नका. प्लायच्या अख्ख्या तुकड्याचं वजन तीस किलोंच्या आसपास असतं, आणि झोतात सापडला तर तो माणसाला घेऊन खाली येतो. आतून करता येईल तेवढं करा, बाकीचं वारा उतरल्यावर. विजेच्या सर्व्हिस वायरजवळ अॅल्युमिनियमची शिडी तर नकोच. तार तुटून पडली असेल तर आधी १९१२ वर कळवा, तोवर त्या बाजूला कुणालाही जाऊ देऊ नका.

दार

चोरीत फोडलेल्या दाराला हात लावण्याआधी ११२ वर फोन करा आणि पोलीस येऊन पाहून जाईपर्यंत काही हलवू नका. वादळाचं नुकसान असेल तर झाकण्याआधी आतून-बाहेरून भरपूर फोटो काढा. विमा कंपनीलाही ते लागतात आणि तलाठ्याच्या पंचनाम्यालाही. प्लाय, रॉड, मजुरी या सगळ्याच्या पावत्या ठेवा.

कडी तुटली म्हणून नवी कडी त्याच जागी लावणं ही इथली नेहमीची चूक. लाकूड आतून चिरलेलं असतं, नवे स्क्रू त्याच चिरेत जातात आणि एका लाथेत दार पुन्हा उघडतं. कडी हातभर वर किंवा खाली, शाबूत लाकडात घ्या. जुन्या घरात दारामागे भिंतीत अडसराची भोकं असतील तर ती मोकळी करून जाडजूड लाकूड घाला. माझ्या पाहण्यात रात्र काढायला याहून भरवशाचं काही नाही. बिजागऱ्यांच्या बाजूने चौकटच सुटली असेल तर दार बंद धरून ठेवण्याची धडपड सोडा. पल्ला उतरवा आणि खिडकीसारखंच चिमट्याने झाका.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो: घरात माणसं झोपणार असतील तर सगळी दारं-खिडक्या बंद करू नका. आतून कुठलंही हत्यार न लागता उघडेल असं निदान एक दार हवं, आणि ते घरातल्या म्हाताऱ्यांना, मुलांना माहीत हवं. शक्य असेल तर बाहेर पडायची दुसरी वाटही ठेवा. वीज गेली म्हणून जनरेटर घरात किंवा बंद व्हरांड्यात लावाल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला जागही येत नाही. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब ठेवा आणि त्याला पावसापासून वेगळा आडोसा करा.

झाकलं ते किती दिवस?

बरीच घरं वर्षभर बंद असतात आणि चतुर्थीला उघडतात. जूनमध्ये लावलेला प्लाय मग सप्टेंबरपर्यंत तसाच राहतो. तोवर मागच्या भिंतीला बुरशी धरलेली असते आणि खालच्या कडेला वाळवीने रेघ काढलेली असते. शेजाऱ्याला किल्ली देऊन पंधरा दिवसांनी एकदा नट, कडा आणि आतली भिंत पाहायला सांगा. उघडीप मिळेल तेव्हा प्लाय उतरवून खोली वाळू द्या, आणि मेस्त्रीला काचेचं माप लगेच घ्यायला लावा, कारण पावसाळ्यात त्याच्याकडे कामांची रांग असते. उतरवलेला तुकडा कोरडा करून जमिनीपासून उचलून ठेवा आणि त्यावर रंगाने लिहा: कुठली खिडकी, वरची बाजू कुठली. रॉड-नट त्यालाच पिशवीत बांधून ठेवा. बाकीच्या खिडक्यांची मापं मे महिन्यात, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीबरोबरच घेऊन तुकडे कापून घ्या. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात माल असतो आणि मेस्त्रीलाही सवड असते.