अर्थशास्त्राची पदवी तीन वर्षांतच हवी? मग या चुका टाळा

बी.ए. अर्थशास्त्राची पदवी लांबली की खापर फुटतं मायक्रो-मॅक्रोच्या पेपरांवर. पण घोडं बरेचदा पेंड खातं ते दोन क्रेडिटच्या एखाद्या विषयात, ज्याच्या तासाला वर्ग निम्मा रिकामा असायचा. (क्रेडिट म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणारं एकक.)

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला साधारण १३२ क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला २२. त्यात मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) यांखेरीज ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय), कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट हे सगळं येतं. एक तक्ता वहीत करा: कोणत्या गटाचे किती क्रेडिट हवेत आणि किती झाले. ऑफिस हिशेब ठेवेल, ही पहिली चूक. ऑफिस ठेवतं, पण तफावत तिथे कळते ती सहाव्या सेमिस्टरचा फॉर्म भरताना.

ओपन इलेक्टिव्ह मैत्रिणीचं पाहून घेणं. हा विषय तुमच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा लागतो. अर्थशास्त्र कला शाखेत असेल तर वाणिज्य किंवा विज्ञानाकडे बघा. कला शाखेतलाच सोपा विषय निवडला की पुढे तो बदलून घेण्याची धावपळ.

गणिताला बगल देणं. सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून थोडं सविस्तर. आर्ट्सला आलेल्या अनेकांचं गणित दहावीनंतर सुटलेलं असतं. पहिल्या वर्षी ते खटकत नाही. मागणीचा वक्र हाताने काढला तरी निभावतं. पुढे सीमांत उपयोगिता अवकलनाने (डिफरन्सिएशन) मांडली जाते, उपभोक्त्याचा समतोल लाग्रांज पद्धतीने काढायचा असतो, आणि इकॉनोमेट्रिक्समध्ये (अर्थशास्त्रातली आकडेवारी तपासण्याचा विषय) प्रतिगमन (रिग्रेशन) शिकताना संभाव्यता व गृहीतक-चाचणी येत असल्याचं धरूनच शिकवतात. संख्याशास्त्र मागे राहिलं की इकॉनोमेट्रिक्सही जातं. एका केटीची, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या विषयाची, दोन होतात ती अशी. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून कोणता पेपर कशावर उभा आहे ते बाणांनी जोडा. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची गणिताची पुस्तकं फुकट मिळतात. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत अवकलन आणि संभाव्यता एवढीच प्रकरणं केली तरी पुष्कळ. मायनर म्हणून संख्याशास्त्र मिळत असेल तर उत्तमच, फक्त वेळापत्रकात मेजरच्या तासांशी टक्कर होत नाही ना, ते आधी पाहा. पुढे पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर टाळाटाळ नकोच: आयआयटी जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अर्थशास्त्राच्या पेपरात गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही असतात.

ओजेटी शेवटावर ढकलणं. चार क्रेडिट म्हणजे सुमारे १२० तास. पतसंस्था, बँकेची शाखा, सीएचं ऑफिस, स्वयंसेवी संस्था, कुठेही करा. पण ती जागा चालेल का, हे विभागातून आधी लेखी विचारून घ्या. तास भरल्यावर प्रमाणपत्र नाकारलं गेलं तर दाद कुठे मागणार?

इंटर्नल आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, ते तुमच्या विद्यापीठाच्या नियमात वाचा. लागत असेल, तर लेखीत साठ मिळवूनही न दिलेल्या असाइनमेंटपायी केटी बसते.

आता केटी लागलीच असेल तर? आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, बेरीज तपासा, मग पुनर्मूल्यांकनाचा निर्णय घ्या. मुदत थोड्या दिवसांची असते. त्या निकालाच्या भरवशावर केटीचा फॉर्म भरायचं मात्र सोडू नका. निकाल उशिरा आला आणि फॉर्मची तारीख गेली, तर पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावं लागतं. फी वाया गेलेली परवडली. एटीकेटीत (राहिलेले विषय घेऊन पुढे जाण्याची सवलत) किती विषयांवर पुढच्या वर्षाला बसू देतात, तेही आत्ताच पाहून ठेवा.

क्रेडिट कमी पडत असतील तर स्वयम्‌ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा कोर्स कामी येतो. यूजीसीच्या नियमानुसार सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण कॉलेजने तो कोर्स मान्य केलेला हवा आणि त्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. नोंदणी झाली म्हणजे क्रेडिट आले, असं नाही.

घरच्या अडचणीने शिक्षण थांबवावंच लागलं तर नाव काढून घेण्याआधी कॉलेजात चौकशी करा. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर ठरलेले क्रेडिट आणि एक जादा कौशल्य-कोर्स पुरा करून प्रमाणपत्र किंवा पदविका घेता येते, तीन वर्षांच्या आत परतताही येतं. पदवी मात्र एकूण सात वर्षांत पुरी व्हायला हवी. झालेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट साठवणारं सरकारी ऑनलाइन खातं) दिसतात का, ते डिजिलॉकरवर तपासा. आधारवरचं आणि कॉलेजातलं नाव वेगळं असेल तर दुरुस्ती आधी करून घ्या.