माशांच्या टाकीचा पंप फेकण्याआधी पंखी काढून बघा

गेल्या मे महिन्यात रात्री लाईट गेली, पाऊण तासानं आली. घरातले पंखे फिरले, फ्रिज गुरगुरला, टाकीतला पंप मात्र नुसता घूं घूं करत बसला. पाणी काही फेकेना. बिल शोधलं तर सहा महिन्यांची गॅरंटी अकरा दिवसांपूर्वी संपलेली. सकाळी दुकानात नेला. पोरानं हातातही घेतला नाही. "भिया, इसमें अब कुछ नहीं, नया ले लो." इंदूरमध्ये सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही भियाच म्हणतात, त्याचा राग नाही, न उघडता निदान केलं, त्याचा आहे. तो पंप आजही चालतोय.

पंपाच्या आधी मासे सांभाळा. उन्हाळ्यात पाणी कोमट होतं आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर येऊन तोंड उघडमिट करू लागले की हाताशी वेळ थोडा आहे असं समजा. झाकण काढा, खाणं बंद ठेवा, आणि तांब्यानं टाकीतलंच पाणी वीतभर उंचीवरून सोडत राहा. मी आणि ही, दोघांनी आळीपाळीनं रात्री दोनपर्यंत हेच केलं. गुरामी आणि फायटर हवेतूनही श्वास घेतात, ते निभावून नेतात. गोल्डफिशचे हाल होतात. फिल्टरचा स्पंज टाकीतच बुडवून ठेवा. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यातच असतात, सुकला की ते मरतात. नळाखाली धुऊ नका, क्लोरीननंही मरतात.

आता पंप. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढा, मगच पाण्यात हात घाला.

घूं घूं आवाज येत असेल तर आनंद माना: कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जिवंत आहे, पाणी फेकणारी पंखी अडकलीय. पुढची जाळी काढा, झाकण फिरवून सोडवा आणि पंखी चिमटीत धरून ओढा. तिच्या मागं चुंबक असतं, त्यामुळे ती जरा हट्ट करते. आमच्या पंखीला नातीचा लांब केस गुंडाळलेला होता आणि चुंबकावर पांढरा खरखरीत थर, पाणी तापवायच्या पातेल्याला बसतो तसा. नर्मदेचा नळ एक दिवसाआड, म्हणून उडालेलं पाणी मी बोअरिंगच्या पाण्यानं भरत होतो. पाणी उडतं, क्षार मागं राहतात. चूक माझीच.

पंखी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. नसेल तर किराण्यात 'नींबू का फूल' मागा, वाटीभर पाण्यात चमचाभर पुरे. पंपाच्या भोकातही तेच पाणी भरा, प्लग कोरडा ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा, आत कान साफ करायची काडी फिरवा. मधली पांढरी सळी सिरॅमिकची असते. जोर लावलात तर कटकन मोडते. शेवटी साध्या पाण्यानं खळखळून धुवा.

चालवून बघायचा तो बादलीत, कोरडा कधीच नाही. पंखी चुंबकावर जराशी सैल फिरते, तो बिघाड नाही. कधी उलटी फिरत सुरू होते, तेही चालतं, म्हणून तर तिची पाती सरळ असतात. खडखड राहिली तर सळी किंवा तिच्या टोकांची रबरं झिजलीत. जुनी पंखी सोबत नेऊन मापाला माप जुळवून घ्या.

पंप मुका असेल तर आधी भिंतीवरचा स्विचबोर्ड तपासा. मग मल्टीमीटर (वीज तपासायचं मीटर) रोध मोजायच्या खुणेवर, म्हणजे ओहमवर ठेवून, ओढून काढलेल्या प्लगच्या दोन पिनांना लावा. काहीच आकडा येत नसेल तर वायर किंवा कॉइल गेली. कॉइल इपॉक्सीच्या कडक राळेत गाडलेली असते, रिवाइंडिंग, म्हणजे तार पुन्हा गुंडाळणं, विसरा. इथं तो दुकानदार बरोबर. आणि पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर क्षणभरही न थांबता मेन स्विच बंद करून पंप भंगारात.

बाहेर ठेवायच्या हवेच्या पंपाचं दुखणं वेगळं. आवाज येतो, बुडबुडे मंदावतात. आधी नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड काढून नळी फुंकून बघा. मग पंपाचा तळ उघडून आतली काळी रबरी वाटी उजेडात धरा. चीर दिसली की फक्त तेवढीच बदला. हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन त्यात शिरतं. आमचा आता वरच्या फळीवर, जुन्या पायपुसण्याच्या तुकड्यावर बसलाय. थरथर भिंतीत जात नाही, आणि हिची झोपमोड होत नाही.