तयार मॉडेल इंजिनाला बारीक चाकं कशी बसवावीत

डबल-ओ (OO) हे ब्रिटनमधल्या मॉडेल रेल्वेचं सर्वांत रूढ माप. या मॉडेलचं अंग एका फुटाला ४ मिमी या मापाचं, म्हणजे १:७६.२. पण त्याचे रूळ १६.५ मिमी अंतरावर. खरं अंतर ४ फूट ८½ इंच, म्हणजे १४३५ मिमी. या मापात ते १८.८३ मिमी यायला हवं. १९२०च्या दशकातल्या विजेच्या मोटारी बारक्या ब्रिटिश इंजिनांत मावत नव्हत्या, म्हणून अंग मोठं केलं आणि रूळ होते तेवढेच राहिले. त्यामुळे समोरून पाहिलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. भारतीय ब्रॉडगेजची मॉडेलं करणाऱ्यांना ही अडचण ओळखीची आहे: १६७६ मिमीचा रूळ १:८७ मध्ये १९.२६ मिमी होतो, पण गाड्या बहुधा १६.५ मिमीवरच धावतात.

हा दोष काढण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. ईएम गेजमध्ये रूळ १८.२ मिमीवर येतात आणि चाक सुमारे २.३ मिमी रुंद असतं. पी-४ मध्ये रूळ अचूक १८.८३ मिमीवर आणि चाक सुमारे २ मिमी. तयार मॉडेलचं चाक साधारण २.८ मिमी असतं. पहिल्या खेपेला मी ईएमच सुचवेन. दिसण्यातला बराचसा फरक तिथेच मिळतो आणि इंजिनाची चौकट नव्याने बांधावी लागत नाही. पी-४ मध्ये फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड, इतकी उथळ असते की प्रत्येक चाक रुळावर टेकून राहावं म्हणून बहुधा स्प्रिंगची किंवा डुलत्या आसांची सोय करावी लागते.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या: चाक आणि रूळ ही एकच व्यवस्था आहे. बारीक चाकं लावून इंजिन जुन्या डबल-ओ रुळांवर चालवायचा बेत असेल, तर तो सोडून द्या. तिथल्या सांध्यांमधली (म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेतली) फट जाड चाकांसाठी रुंद ठेवलेली असते. अरुंद चाक त्या फटीत खाली बसतं आणि गाडी धडधडते. ईएमच्या सांध्यात ही फट १ मिमीची असते. म्हणून आधी ईएमच्या रुळाचा एक सरळ तुकडा आणि एक सांधा तयार ठेवा, मगच इंजिन उघडा.

कोणतं इंजिन घ्यावं

डिझेल घ्या. वाफेच्या इंजिनात दोन बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत बसवावे लागतात आणि जोडदांडे बाहेर सरकल्यावर सिलिंडरच्या मागे जागा उरत नाही. तो वेगळाच अभ्यास आहे. सुरुवातीला ब्रिटिश रेल्वेचं क्लास ३७ हे डिझेल इंजिन उत्तम. इंग्लिश इलेक्ट्रिकच्या आराखड्याची ही ३०९ इंजिनं १९६० ते १९६५ या काळात बांधली गेली आणि त्यांची तयार मॉडेलं सहज मिळतात. दोन बोग्या (इंजिनाखालचे चाकांचे वळणारे गाडे), प्रत्येकीत तीन आस, सगळी चाकं ३ फूट ९ इंचांची. मॉडेलमध्ये हे माप बरोबर १५ मिमी येतं.

चाकं अल्ट्रास्केल किंवा अ‍ॅलन गिब्सन यांच्यासारख्या लहान ब्रिटिश उत्पादकांकडून मागवावी लागतात. १९५५ साली स्थापन झालेली ईएम गेज सोसायटी सभासदांना मापकं (चाकांमधलं व रुळांमधलं अंतर तपासायची ठोकळ्यासारखी साधनं) आणि सुटे भाग पुरवते. मागणी नोंदवण्यापूर्वी आपल्या मॉडेलच्या आसाचा व्यास कॅलिपरने मोजा. चाकाचा व्यास फ्लँजच्या टोकावर न मोजता रुळावर फिरणाऱ्या पृष्ठभागावर मोजा.

उघडण्यापूर्वी

इंजिन मूळ चाकांवर दोन्ही दिशांना भरपूर चालवून घ्या. गिअरचा आवाज किंवा अडखळणं आत्ताच असेल, तर तो दोष पुढे नव्या चाकांच्या नावावर जाईल. मग बफरच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या गोल तबकडीच्या, मध्याची रुळापासूनची उंची मोजून लिहून ठेवा. खऱ्या इंजिनावर ती ३ फूट ५½ इंच, म्हणजे मॉडेलवर सुमारे १३.८ मिमी. नवी चाकं बसल्यावर याच आकड्यावरून कळेल की इंजिन उचललं गेलं की खाली बसलं.

आस आणि गिअर

बोगीचा तळ काढा आणि आस बाहेर घेण्याआधी तारांचे व चाकांमधून वीज घेणाऱ्या धातूच्या पत्त्यांचे फोटो घ्या. या कामात खरा वेळ जातो तो पुढे.

जुन्या चाकांच्या मागच्या, म्हणजे एकमेकांकडे तोंड असलेल्या, बाजूंमधलं अंतर १४.५ मिमीच्या आसपास असतं; ईएमसाठी ते १६.५ मिमी हवं. म्हणजे प्रत्येक चाक १ मिमी बाहेर जातं. पण गिअर आसाच्या नेमक्या मध्यावर असेलच असं नाही. गिअरच्या कडेपासून दोन्ही चाकांच्या मागच्या बाजूपर्यंत वेगवेगळं मोजा, दोन्ही आकडे लिहा आणि प्रत्येकात १ मिमी मिळवा. हे केलं नाही तर मापक म्हणेल १६.५ बरोबर आहे, आणि तरीही अख्खी जोडी एका अंगाला सरकलेली असेल.

चाक काढायला पुलर (आसावरून चाक सरळ ओढणारं स्क्रूचं साधन) वापरा, पक्कड नको. गिअर प्लास्टिकचा असतो. आस ढकलून काढताना गिअरला त्याच्या मध्याशी, आसाला अगदी लागून आधार द्या, दातांवर जोर येऊ देऊ नका. नव्या आसावर गिअर सैल बसला तर रिटेनिंग कंपाउंडचा (आसावर भाग पक्का धरणाऱ्या चिकट द्रवाचा) एक कण सुईच्या टोकाने लावा. तो बेअरिंगपर्यंत वाहता कामा नये.

चाकं सरळ दाबून बसवा आणि मापकाने तीन ठिकाणी तपासा. एका ठिकाणी बरोबर आणि दुसरीकडे घट्ट लागत असेल तर चाक तिरकं बसलंय. त्यानंतर मल्टिमीटर लावून दोन्ही चाकांमध्ये विद्युतसंपर्क नाही याची खात्री करा.

बोगीत परत

चाकं बाहेर गेल्यामुळे आसाला आडवी हालचाल जास्त मिळते. कडेच्या दोन आसांवर पातळ वॉशर घालून ती अगदी थोडी ठेवा. मधल्या आसाला मात्र मोकळीक द्याच. वळणावर सहाचाकी बोगी त्याच हालचालीवर निभावते.

विजेच्या पत्त्या चाकाच्या मागून घासत असतील तर त्याही १ मिमी बाहेर वाकवा. स्पर्श हलका हवा. फार दाब दिला तर पत्ती ब्रेकसारखी वागते. ब्रेकचे ठोकळे आता चाकाच्या आतल्या अंगाला राहतील. ते कापून चाकाच्या रेषेत चिकटवा. बाजूच्या चौकटीला चाक घासत असेल तर आतून कानशीने थोडं प्लास्टिक उतरवा. बोगी काचेच्या तुकड्यावर ठेवून सहाही चाकं टेकतात का बघा. मधलं चाक बाकीच्यांना उचलून धरत असेल तर इंजिन सांध्यावर नक्की घसरेल.

चाचणी

बोगी मोटारीला जोडण्याआधी ती हाताने सांध्यावरून ढकला, सावकाश, दोन्ही मार्गांनी आणि दोन्ही दिशांनी. कुठे अडते ते बोटाला जाणवतं. मोटारीच्या जोरात ते लपून जातं. मग बफरची उंची पुन्हा मोजा, इंजिन जोडा आणि कमी वेगात अर्धा-अर्धा तास दोन्हीकडे चालवा. एवढं चालल्यावर मापक पुन्हा लावा: प्लास्टिकच्या मध्यभागाची चाकं आसावर सरकायची असतील तर बहुतेक याच सुमारास सरकतात, आणि रिटेनिंग कंपाउंडने ती पक्की करायला बोगी अजून उघडायला सोपी असते.