कामावर रुजू होताय आणि लेकरू अंगावर पितंय? या चुका टाळा

रजा संपवून रुजू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं दूध करपलं. म्हणजे अक्षरशः, गॅसवर, पातेल्याच्या तळाला लागून. पहाटे उठून काढलेलं, फ्रीजमध्ये स्टीलच्या डबीत ठेवलेलं शंभर मिली दूध सासूबाईंनी छोट्या पातेल्यात ओतलं आणि गॅस लावून लेकराला उचलायला गेल्या. संध्याकाळी मी चिडले तर त्या म्हणाल्या, "कच्चं दूध लेकराला कसं द्यावं बाई?" घरात आलेलं दूध न तापवता पिलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी डबी दाखवली होती, वाटी-चमचा दाखवला होता, पण 'तापवायचं नाही' एवढं सांगायचं राहून गेलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लातूरहून औसा तालुक्यातल्या एका खेड्यात रोजचं अप-डाऊन, घराबाहेर साधारण नऊ तास. माझ्या आणि सोबतच्या बायांच्या चुका पाहून एक गोष्ट कळली. नोकरीवर गेल्यामुळं दूध आटलं असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा घोळ होतो तो वेळेच्या, मापाच्या आणि सांगण्याच्या हिशेबात.

तयारी शेवटच्या दिवशी

खाजगी नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा मिळते, आम्हा सरकारी लोकांना 180 दिवस. ऐकायला सहा महिने वाटतात. पण त्यातले काही आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले, की रुजू होताना लेकरू चार-साडेचार महिन्यांचंच असतं. त्याला अजून वरचं काहीच द्यायचं नसतं, आणि आपण मात्र 'तोवर खायला लागेल' या भरवशावर बसलेल्या असतो.

रुजू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून रोज एकदा दूध काढायला लागा. सकाळचं पाजणं झाल्यावरची वेळ बरी, तेव्हा पान्हा चांगला असतो. पहिल्या दिवशी वीस-तीस मिली आलं तर रडत बसू नका. हातानं किंवा पंपानं जेवढं निघतं तेवढंच अंगावर आहे असं नसतं. लेकरू ओढतं तसं कुठलंच यंत्र ओढत नाही. दूध पुरतंय का हे दोनच गोष्टींवरून बघायचं: चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची लघवी, आणि वजन वाढतंय का.

पंप घेतलाच पाहिजे असंही नाही. माझं निम्मं दूध हातानंच निघालं. अंगठा वर आणि बोटं खाली, निप्पलपासून दोन-तीन सेंटीमीटर मागं ठेवायची. आधी छातीच्या दिशेनं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडं आणायची. निप्पल ओढायचं नाही, कातडीवरून बोटं घासायची नाहीत. आधी नुसते थेंब येतात, मिनिट-दीड मिनिटानं धार लागते. घाईत असलं, कुणी दार वाजवलं की धार थांबते. मी मोबाईलवरचा लेकराचा व्हिडिओ बघायची. वेडेपणा वाटेल, पण पान्हा फुटायला मन निवांत लागतं.

माप चुकणं

घरचे विचारतात, "दिवसभराला किती लागेल?" आणि आपण घाबरून लिटरचा आकडा धरतो. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवस-रात्र मिळून साधारण 750 ते 800 मिली दूध पितं. म्हणजे आपण बाहेर असू त्या प्रत्येक तासाला 30 ते 45 मिली धरलं तरी चालतं. माझ्या नऊ तासांना जास्तीत जास्त चारशे मिली. यातलं थोडंफार आदल्या दिवशी शाळेत काढलेलं, थोडं पहाटेचं. रोज ताजा हिशेब जुळवायचा, फ्रीजर भरून ठेवायची गरज नाही. एका डबीत 60 ते 90 मिलीपेक्षा जास्त भरू नका, उरलेलं टाकावं लागतं तेव्हा जीव तुटतो. लेकराच्या तोंडाला लागलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, नंतर टाकून द्यायचं.

शहरातला नियम मराठवाड्यात

इथं जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त दूध इथंच वाया जातं.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडं सांगतात. तो नियम 25 अंश तापमानाचा आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर, पत्र्याच्या वर्गात त्याहून जास्त, आणि एसटीच्या खिडकीतून तर भट्टीचा वारा. तिथं चार तास धरू नका. मी काढलं की लगेच बर्फात ठेवायची. मोठ्या तोंडाचा थर्मास, त्यात घरून नेलेला बर्फ, बर्फात घट्ट झाकणाची स्टीलची डबी, आणि डबीवर पेनानं तारीख-वेळ लिहिलेली चिकटपट्टी. आईस पॅकची पिशवी मिळाली तर उत्तम. पॅक गोठलेले असतील तर त्यात चोवीस तासांपर्यंत दूध राहतं.

फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, पण दाराच्या कप्प्यात नाही, आत मागच्या बाजूला. सिंगल डोअर फ्रीजमधल्या बर्फाच्या खणात दोन आठवडे. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. लाईट गेली की दार उघडायचं नाही, बंद फ्रीज चार तास थंडी धरून ठेवतो. एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही. ते फ्रीजमध्येच असेल तर चोवीस तासांत वापरायचं. आत्ता काढलेलं कोमट दूध थंड डबीत ओतू नका, आधी वेगळं गार करा आणि मग एकत्र करा.

द्यायच्या वेळी डबी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची. गॅस नाही, मायक्रोवेव्ह नाही. उकळल्यावर दुधातली आजाराशी लढणारी द्रव्यं मरतात. वर साय आल्यासारखा थर दिसतो, तो डबी हलकेच गोल फिरवली की मिसळतो. साबणासारखा वास आला तर ते नासलं असं नसतं, काही बायांच्या दुधाला साठवल्यावर तसा वास येतो. आंबट, कुबट वास मात्र वेगळा; ते टाका.

आणि बर्फाची सोयच नसेल तर? तरीही काढा. काढून टाका. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या आठवड्यात बर्फ वितळला म्हणून मी काढणंच टाळलं, आणि दुपारी तिसरीच्या वर्गात कविता म्हणून घेताना पदर ओला झाला. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, पाणी सांडलं." त्यानंतर घडी केलेला मऊ सुती रुमाल आत असायचाच, आणि ज्या दिवशी बर्फ नसायचा त्या दिवशीचं दूध शाळेतल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी जायचं. स्तन भरून तसेच राहिले की दूध कमी तयार करायचं, असा निरोप शरीराला जातो. खरं आटतं ते असं. तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका.

जागा आणि वेळ मागायला लाजणं

मुख्याध्यापकांना कसं सांगायचं या विचारात मी चार दिवस घालवले. शेवटी सांगितलं तेव्हा त्यांनी पोषण आहाराच्या तांदळाची खोली उघडून दिली. आत कडी होती, एवढं पुरे होतं. वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत किंवा दुकानात-ऑफिसात असाल तर हे उपकार नाहीत. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच हा हक्क आहे: लेकरू 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन दूध पाजण्याच्या सुट्ट्या मिळायला हव्यात, जेवणाच्या सुट्टीखेरीज. 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, तिच्यातही या तरतुदी आहेत. तोंडी मागून मिळत नसेल तर अर्ज द्या, पोच घ्या.

एसटी स्थानकांवर लेकराला पाजायला हिरकणी कक्ष असतात. लेकराच्या ओढीनं रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव दिलंय. प्रत्यक्षात एका स्थानकावर मला त्याला कुलूप दिसलं, किल्ली कंट्रोलरकडं. मागितली तर दिली, पण आत खुर्ची नव्हती. तरी मागा. कुणी मागितलंच नाही तर ती खोली गोदाम होते.

पाण्याचंही तसंच. रस्त्यात बायकांना लघवीची सोय नाही म्हणून आपण सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतो. पाणी जास्त प्यायल्यानं दूध वाढतं असं नाही, पण कडक उन्हात तहान मारून राहिल्यावर चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते. शाळेत पोचल्या पोचल्या आणि दूध काढताना तांब्याभर प्या.

घरातल्या चुका

सहा महिन्यांच्या आत उन्हाळा म्हणून लेकराला पाणी, साखरपाणी, गाईचं दूध, घुटी, मध चाटवणं, यातलं काहीच नको. अंगावरच्या दुधात पाणी पुरेसं असतं, मराठवाड्याच्या उन्हातही. पाण्यानं पोट भरलं की दूध कमी जातं. मध तर एक वर्षापर्यंत नाहीच, आणि गाईचं दूध मुख्य आहार म्हणून तेवढंच थांबवायचं. सहा महिने झाले की मऊ वरण-भात, डाळीत कुस्करलेली भाकरी सुरू करायची, पण अंगावरचं तोडायचं नाही. दोन वर्षं आणि त्यापुढंही चालतं.

बाटलीची घाई करू नका. चार महिन्यांचं लेकरू वाटी-चमच्यानं छान पितं, आणि वाटी उकळून घेता येते. बाटलीच्या बुचात दूध साचतं, उन्हाळ्यात तेच जुलाबाचं कारण होतं. पहिले काही दिवस आईनं स्वतः वाटीनं पाजायला जाऊ नये. वास ओळखीचा असतो, लेकरू सरळ पदराकडं झेपावतं. आजी किंवा बापानं पाजावं, आईनं तेवढा वेळ बाहेर जावं. 'उपाशी राहिलं की पिईल' हा प्रयोग मात्र नको, रडून हैराण झालेलं लेकरू काहीच घेत नाही. भुकेची चाहूल लागताच द्यायचं.

आणि रात्रीचं पाजणं तोडू नका. दमून आल्यावर मोह होतो, मला झाला. पण रात्री दूध तयार करणारं हार्मोन जास्त असतं, शिवाय दिवसभर आई नसलेली पुष्कळ लेकरं रात्रीच भरपाई करतात. रविवारी आणि सुट्टीत वाटी बाजूला ठेवा, लेकराला मागेल तेव्हा थेट पाजा. दोन-तीन सुट्ट्या अशा गेल्या की कमी झालेलं दूध परत येतं.

गाठ, ताप आणि गोळ्या

स्तनात दुखरी गाठ आली, कातडी लाल झाली तर 'खराब दूध' म्हणून पाजणं बंद करू नका. पाजत राहा, वरून थंड पट्टी ठेवा, जोरजोरात चोळू नका. एका दिवसात उतरलं नाही किंवा थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरकडं जा. बाळाला चालणारी औषधं असतात.

गोळ्यांचं कुणी बोलत नाही म्हणून सांगते. एकीचं दूध महिनाभरात निम्म्यावर आलं, सगळ्यांनी नोकरीला दोष दिला, निघाली ती पाळी लांबवायला चालू केलेली माला-डी, म्हणजे इस्ट्रोजन हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी. इस्ट्रोजन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. पाळणा लांबवायला तांबी, छाया (हार्मोन नसलेली गोळी) असे पर्याय आहेत, नर्सताईंना विचारा. नाक मोकळं करणाऱ्या काही सर्दीच्या गोळ्यांचाही तोच त्रास.

राहिलं उन्हाचं दूध. "उन्हातून आलीस, दूध तापलंय, पहिली धार काढून टाक, तासभर थांब." माझ्याही घरी हे रोज चालायचं, आणि तेवढ्यात दिवसभर वाट बघितलेलं लेकरू हातपाय आपटायचं. आईच्या अंगात दूध शरीराच्या तापमानाचंच असतं, बाहेर चाळीस असो की पंधरा. सासूबाईंना मी वाद घालून पटवू शकले नाही. एका संध्याकाळी बस दीड तास उशिरा आली, मी दारात पोचले, लेकरू रडून लाल झालेलं. त्यांनीच ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाय नंतर धू. आधी घे, कधीचं रडायलंय."