‘दुसऱ्या’तला र आणि व्हीएस कोड

फोंड्याजवळच्या एका देवस्थानाची वेबसाइट मी सांभाळते. पानं मराठी आणि कोंकणी, दोन्ही देवनागरीत. गेल्या जत्रेआधी कार्यक्रम चढवताना ‘दुसऱ्या’तल्या र भोवती व्हीएस कोडनं, म्हणजे मी पानं लिहिते त्या एडिटरनं, पिवळी चौकट काढली. माउस नेला तर म्हणे अदृश्य अक्षर. कुठून तरी कचरा आला असेल म्हणून सगळ्या फाइलींतून एका दमात उडवला. संध्याकाळी एका महाजनांचा फोन: “बाय, ‘दुसर्या दिवशी’ हें कितें गो छापलां?”

तो कचरा नव्हता, झिरो विड्थ जॉइनर होता. र, हलन्त आणि तो जॉइनर मिळून आपला अर्धा र होतो. तो काढला की रफार चढतो. तेव्हा चौकट दिसली की अक्षराला हात लावू नका. माउस तिथं नेऊन ‘अॅडजस्ट सेटिंग्ज’वर क्लिक करा आणि ‘यू+२००डी’ (हा त्या जॉइनरचा कोड) हायलाइटमधून वगळा. झालं.

आणखी एक गोम आहे. काही कीबोर्ड जॉइनर न वापरता नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ टाकतात. दिसायला फरक शून्य, पण शोधताना एकच प्रकार सापडतो, दुसरा राहतो. मी सगळीकडे नुक्त्याचा ठेवलाय.

आता ओळींमधलं अंतर. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा, ‘लाइन हाइट’ शोधा. तिथं ० असतं, म्हणजे फॉन्टच्या मापावरून एडिटरच ठरवतो. इंग्रजीला ते पुरतं. ‘कीर्ती’चा रफार मात्र वरच्या ओळीच्या उकारात घुसतो. मी १.७ ठेवते. ८ पेक्षा लहान आकडा फॉन्टच्या पटीत धरला जातो, ८ पासून पुढे पिक्सेल. हे माहीत नव्हतं तेव्हा १८ लिहून बसले नि ओळी होत्या त्याहून चेपल्या!

‘फॉन्ट फॅमिली’त नेहमीच्या फॉन्टमागे स्वल्पविराम देऊन ‘नोटो सान्स देवनागरी’ जोडा, अर्थात आधी तो मशीनवर हवा. ‘वर्ड रॅप’ ऑन करा, मराठी परिच्छेद आडवे पळत नाहीत.

राहिलं ‘ऑटो सेव्ह’. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून आधी ‘आफ्टर डिले’ (थोड्या वेळानं आपोआप सेव्ह) लावलं होतं. पण त्या प्रकारात ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’, म्हणजे सेव्ह होताना कोडची मांडणी नीट करणं, चालत नाही. आता ‘ऑन फोकस चेंज’ आहे. ब्राउझरकडे वळले की फाइल सेव्ह.