गल्लीत रुग्णसाहित्य केंद्र कसं सुरू करायचं

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी फाउलर बेड (डोक्याची आणि पायांची बाजू वर-खाली करता येणारा पलंग), कमोड खुर्ची आणि एअर बेड (जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी) विकत आणला. आठ महिने वापरला. ती गेली आणि सगळं सामान माळ्यावर गेलं. त्याच सुमारास आमच्या कराडच्या गल्लीत, तिसऱ्याच दारी, एक कंत्राटी कामगार वडिलांसाठी तशीच कमोड खुर्ची घ्यायला व्याजाने पैसे काढत होता. हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं त्या आठवड्यात रुग्णाच्या वस्तू गरजेपुरत्या वापरायला देणारं आमचं केंद्र सुरू झालं.

पहिल्याच दिवशी पावतीपुस्तक छापू नका. आधी माळे शोधा. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर बऱ्याच घरांत धूळ खात पडलेल्या असतात. ज्या घरात माणूस गेलंय तिथे मात्र तेरावा किंवा चाळिसावा होईपर्यंत जाऊ नका. नंतर गेलात तर लोक स्वतःहून देतात, कारण ती वस्तू रोज डोळ्यांसमोर नको असते. पुढे जाहीर वर्गणी काढायची झाली आणि तुमचा गट नोंदणीकृत नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. गणेश मंडळातल्या पोरांना ही वाट पाठ असते, त्यांना सोबत न्या.

जागा तळमजल्यावरच हवी. पहिलं वर्षभर ऑक्सिजनच्या मशीनच्या मागे लागू नका. किती लिटरवर लावायचं हे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते द्यायचं नसतं, आणि त्याची निगाही जड जाते.

वस्तू देण्याआधी घर बघून या, खिशात टेप ठेवा. व्हीलचेअर साधारण २४ ते २६ इंच रुंद असते आणि जुन्या खोल्यांच्या संडासाचं दार पुष्कळदा त्याहून अरुंद. अशा घरी कमोड खुर्चीच कामाची.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला एका आजींना वॉकर दिला, पायांची रबरी बुचं न बघता. एक बूच झिजून आतला पाइप बाहेर आला होता. ओल्या फरशीवर वॉकर सरकला आणि आजी पडल्या. हाड वाचलं, पण त्या परत उभं राहायला महिनाभर घाबरत होत्या. तेव्हापासून नवी बुचं कपाटात असतात आणि प्रत्येक वॉकर उलटा करून बघितल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. उंचीही तिथेच लावून द्या: माणूस ताठ उभा राहून हात सैल सोडतो तेव्हा मनगटाची घडी येते, तिथे मूठ. चारही पायांची बटणं सारख्याच उंचीच्या भोकात.

जी बाई रुग्णाचं करणार आहे, तिला प्रत्यक्ष करून दाखवा. व्हीलचेअरवर बसताना आणि उठताना दोन्ही ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या वर घ्यायच्या. पट्टीवर भार देऊन उठलं की खुर्ची पुढे उलटते. एअर बेड गादीवर अंथरायचा, म्हणजे वीज जाऊन हवा उतरली तरी खाली गादी राहते. तो असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, नाहीतर माकडहाडाशी जखम होते.

अनामतीचा प्रश्न सगळ्यात अवघड. आम्ही भाडं घेत नाही. वॉकरला ३००, बेडला २००० रुपये ठेवून घेतो आणि वस्तू आली की तेवढेच परत देतो. ज्याच्याकडे तेवढेही नाहीत, त्याच्या शेजाऱ्याची सही पुरते. गरजवंताला चारचौघांत “किती कमावता?” विचारू नका. वहीत नाव, पत्ता, फोन, वस्तूचा क्रमांक आणि तारीख लिहा. आधारकार्ड अडकवून ठेवू नका, दवाखान्यात त्यांना तेच लागतं. महिन्यातून एकदा फोन करा, वस्तू मागायला नव्हे, रुग्ण कसा आहे हे विचारायला. वस्तू आपोआप परत येते.

परत आलेली वस्तू साबणाने धुवा, जंतुनाशकाने पुसा, उन्हात कोरडी करा, चाकांना ग्रीस द्या. व्हीलचेअरच्या पाठीमागचा खिसा उलटा करून बघायला विसरू नका. त्यात जपमाळ निघते, चष्मा निघतो, एकदा नातवाने काढलेलं चित्र निघालं होतं. ते पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा, आणि तेरावा झाला की स्वतः नेऊन द्या.